दोन्ही उघडलं की अडकतंय

तर झालं असं, की गेली दोन वर्षं आईचा सांगलीहून फोन आला की आधी जेवलास का, मग पाऊस आहे का, आणि तिसरा विषय कॉम्प्युटर. तिचं वाक्यही ठरलेलं. "अरे, ते मशीन अडकायलंय. एकेक उघडलं की चालतंय, पण दोन्ही उघडलं की अडकतंय."

आणि माझं उत्तरही ठरलेलं. "जुनं झालंय गं ते आता."

दोन्ही म्हणजे टॅली आणि जीएसटीची साइट. आई घरबसल्या सात जणांचे हिशेब लिहिते. दोन किराणावाले, एक मेडिकल, एक हार्डवेअरचं दुकान, एक हळदीचा व्यापारी आणि दोन छोटे वर्कशॉपवाले. मी शाळेत असल्यापासून तिचं हे काम चालू आहे. आधी लाल बासनातल्या वह्या होत्या, रोजकीर्द, खतावणी, मार्चमध्ये तेरीज जुळेपर्यंत घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही असा नियम होता. मग टॅली आलं. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आईच्या महिन्याला दोन तारखा चिकटल्या. ज्यांचं दरमहा भरायचं असतं त्यांचं ११ तारखेला विक्रीचं विवरण आणि २० तारखेला कराचं. या दोन तारखांच्या आदल्या दिवशी आईला फोन करायचा नसतो, हे मला आता पाठ झालंय.

हा सगळा कारभार ज्या डेस्कटॉपवर चालतो, तो आमच्या घरी २०११ च्या दिवाळीत आला. मी तेव्हा नववीत. दुकानदाराने दोन कोटेशनं दिली होती. एकात पेन्टियम जी६२०, दोन कोअर, २.६ गिगाहर्ट्झ. दुसऱ्यात कोअर आय५-२४००, चार कोअर, ३.१ गिगाहर्ट्झ. मला अर्थातच आय५ हवा होता, कारण वर्गातल्या एकाकडे तो होता आणि त्याच्याकडे गेम मक्खन चालायचे. फरक सहा-सात हजारांचा होता. बाबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, फक्त खालचे आकडे वाचले आणि विचारलं, "टॅली यावर चालतं?" दुकानदार म्हणाला चालतं. संपला विषय. पेन्टियम घरी आला. मी दोन दिवस जेवताना बोललो नाही, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या मशीनने मात्र कधी तक्रारीला जागा दिली नाही. दोन जीबी रॅम होती, २०१४ मध्ये आणखी दोन जीबीची एक पट्टी लावली. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, मी घरी अडकलो होतो तेव्हा हार्ड डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी बसवली आणि ६४-बिट विंडोज १० टाकलं. चालू व्हायला जे मशीन चार मिनिटं घ्यायचं ते अर्ध्या मिनिटात चालू व्हायला लागलं. आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं होतं. त्या दिवसापासून मी आमच्या गल्लीतला कॉम्प्युटरचा डॉक्टर झालो. आणि डॉक्टर एकदा नावाजला की पेशंटला न तपासताच औषध लिहून देतो, तसं माझं पुढे झालं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ या मशीनवर अधिकृतपणे बसत नाही. त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आणि आमचं मशीन दुसऱ्या पिढीतलं. म्हटलं नवीन घेऊ या. आईने दोन प्रश्न विचारले. "माझा डॉट मॅट्रिक्स त्याला लागतो का?" (तो जुन्या पॅरलल पोर्टवर चालतो आणि त्याचा रिबन आईला अजून मिळतो.) आणि दुसरा, "चाळीस हजार कशाला?" त्यात २०२५ च्या शेवटी नव्या मेमरीचे भावही चढायला लागले होते. शेवटी सुरक्षेच्या अपडेटची मुदतवाढ घेतली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तोवर हेच मशीन जरा पळतं करू, असं मी जाहीर केलं.

पळतं करायचं म्हणजे काय, तर प्रोसेसर. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. रॅमही घेऊ, पण मुख्य पाहुणा प्रोसेसर. मदरबोर्डवर एच६१ चिपसेट होता, सॉकेट ११५५ पिनांचं. त्यात तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० बसतो. चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरज पडली तर ३.६ पर्यंत जातो. चौदा वर्षांपूर्वी जो मिळाला नाही त्याचाच धाकटा भाऊ, आणि आता जुन्या बाजारात वडापावच्या पार्टीच्या भावात. आता प्रामाणिकपणे सांगतो, ही खरेदी आईसाठी कमी आणि नववीतल्या त्या फुगून बसलेल्या पोरासाठी जास्त होती.

एका शनिवारी ठाण्याहून दादर, तिथून गाडी बदलून ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. वापरलेला आय५-३४७० पंधराशेला मिळाला. आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर३ पट्ट्या एकोणीसशेला. बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी, म्हणजे दोन्ही जुन्या पट्ट्या काढून या लावायच्या. इथे एक सांगून ठेवतो, कुणाला उपयोग होईल. डीडीआर३ च्या काही फार स्वस्त पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर नाही. दुकानात इंटेलच्या बोर्डावर लावून दाखवायला सांगायचं. मी रॅमच्या बाबतीत एवढी काळजी घेतली. प्रोसेसरच्या बाबतीत जी घ्यायची ती घेतली नाही. ते पुढे येतंच.

प्रोसेसर त्याच्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, ते खोकं काजूकतलीच्या रिकाम्या डब्यात, डबा सॅकमध्ये. पुढच्या शुक्रवारी रात्रीची बस पकडली आणि शनिवारी, १५ नोव्हेंबरला, सकाळी सांगलीत उतरलो. २० तारीख पाच दिवसांवर होती. आई म्हणाली, "आत्ताच करायलाच पाहिजे का?" म्हटलं, एका तासाचं काम आहे.

(आमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर नवीन काही चढवायचं नाही असा नियम आहे. तो मोडणाऱ्याला मी स्वतः झापलेलं आहे.)

दुपारी जेवण झाल्यावर कॅबिनेट उघडलं. बाबा मोबाइलची बॅटरी धरून उभे. चौदा वर्षांची धूळ पेंटिंगच्या ब्रशने काढली. पंख्याच्या चार कोपऱ्यांतल्या खुंट्या फिरवून कूलर उचलला. खालची थर्मल पेस्ट पानाच्या डबीत वाळलेल्या चुन्यासारखी झाली होती. मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटने पुसली. तरफ उचलली, पत्र्याची चौकट वर केली, पेन्टियम अलगद बाहेर काढला. यात पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाला असतात. केसाएवढ्या बारीक ११५५ पिना. त्यावर प्रोसेसर हातातून सुटून पडला तर बोर्ड गेला. म्हणून तो दाबायचा नसतो, फक्त ठेवायचा असतो, खाचेला खाच जुळवून. ठेवला. तरफ खाली केली. नवीन पेस्टचा ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. कूलर. दोन्ही रॅम, टक् टक् आवाज येईपर्यंत. आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. स्क्रीन काळी.

तीन-चार सेकंदांनी पंखा थांबला, पुन्हा फिरला. पुन्हा थांबला. पुन्हा फिरला. स्क्रीन काळीच.

आई मागे उभी होती. ती काही बोलली नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

मग मी जे जे सगळे करतात ते केलं. एक रॅम काढून बघितली, दुसरी काढून बघितली, स्लॉट बदलून बघितले. बोर्डावरचा बटणसेल काढून दहा मिनिटांनी लावला. मॉनिटरची वायर काढून घातली, जणू तिचाच दोष. प्रोसेसर पुन्हा काढून सॉकेटमधल्या पिना बॅटरीच्या उजेडात एका डोळ्याने, तिरक्या नजरेने ओळीने तपासल्या. सगळ्या सरळ. संध्याकाळ झाली. दिवाबत्ती झाली. घामाने शर्ट ओला, आणि डोक्यात एकच हिशेब: सात दुकानं, पाच दिवस.

तेव्हा आईने पहिल्यांदा विचारलं, "माझा डेटा आहे ना रे?"

"एसएसडीला हातच लावलेला नाही," मी म्हणालो. "तरी तुझ्याकडे बॅकअप...?"

"तो आहे. रोज रात्री पेनड्राइव्हवर घेते. देवघराच्या खणात ठेवते."

रोज. रात्री. आणि कॉम्प्युटरपासून लांब, दुसऱ्या खोलीत. आमच्याकडे यावर दर तीन महिन्यांनी मीटिंग होते आणि तरीही कुणीतरी विसरतंच. एवढं ऐकून मात्र माझा श्वास जरा खाली बसला. वाईटात वाईट म्हणजे बोर्ड गेलेला असेल. आईचं काम कुठल्याही दुसऱ्या मशीनवर उभं राहिलं असतं. ते तिच्या शिस्तीमुळे. माझा त्यात काही वाटा नव्हता.

रात्री दहाच्या सुमाराला मोबाइलवर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेलो आणि त्या मॉडेलखाली कुठले प्रोसेसर चालतात त्याची यादी उघडली. आय५-३४७० त्यात होता. समोरच्या रकान्यात लिहिलेलं होतं, अमुक आवृत्तीपासून पुढचं बायोस. आमच्या बोर्डावर होतं २०११ चं, मूळचं. हे दुसऱ्या पिढीचे प्रोसेसर ३२ नॅनोमीटरचे, आणि तिसरी पिढी २२ नॅनोमीटरची, ती २०१२ मध्ये आली. म्हणजे बोर्ड तयार झाला तेव्हा हा प्रोसेसर बाजारात आलेलाच नव्हता. बायोसला त्याची ओळखच नाही, तर ते स्क्रीन कुठून लावणार? आणि गंमत अशी, की बायोस अपडेट करायचं तर मशीन चालू पाहिजे, आणि मशीन चालू व्हायचं तर जुनाच प्रोसेसर पाहिजे.

ही यादी वाचायला दोन मिनिटं लागतात. मी ती लॅमिंग्टन रोडला जाताना लोकलमध्ये वाचू शकलो असतो. दादरपर्यंत दोनदा वाचून झाली असती.

पेन्टियम परत बसवला. रॅम नवीनच राहू दिली. अकरा वाजता बटण दाबलं आणि स्क्रीन लागली. हुश्श! विंडोजने १६ जीबी दाखवले. आई झोपायला गेली. सकाळी उठून बायोस अपडेट करायचं, मग आय५ चढवायचा, असा बेत करून मीही आडवा झालो.

रविवारी उठलो तर सव्वाआठ झालेले आणि आई कॉम्प्युटरपुढे. "पाच मिनिटं बसते, जरा बघते," असं बाबांना सांगून ती साडेसहाला बसली होती. टॅली उघडं. ब्राउझरमध्ये जीएसटीची साइट, बँकेचं पान, व्हॉट्सअ‍ॅप, आणि हार्डवेअरवाल्याने पाठवलेली तीन एक्सेल. चहा शेजारी गार झालेला. ती टॅलीतला आकडा बघत होती, साइटवर जात होती, परत येत होती. एकदाही मशीन थांबलं नाही.

मी मागे खुर्ची ओढून बसलो आणि तिच्याकडून एक मिनिट माउस मागून टास्क मॅनेजर उघडला. जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते. सगळं मिळून सात जीबीच्या आसपास मेमरी वापरली जात होती. आणि प्रोसेसर? तोच जुना पेन्टियम वीस-तीस टक्क्यांवर निवांत बसलेला. एखादं नवीन पान उघडताना क्षणभर शंभरला जायचा, की पुन्हा खाली.

म्हणजे इतके दिवस चार जीबीच्या जागेत सात जीबीचा संसार चालला होता. जे मावत नाही ते विंडोज डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. आमची एसएसडी सेकंदाला अर्धा जीबीही वाचत नाही. मेमरीची एक पट्टी, या पेन्टियमच्या १०६६ च्या वेगाने चालली तरी, सेकंदाला साडेआठ जीबीपर्यंत देऊ शकते. आणि बारीकसारीक तुकडे शोधून आणायला लागले की हे अंतर आणखी वाढतं. टॅलीतून साइटवर गेलं की टॅली बाहेर, साइट आत. परत आलं की उलट. प्रत्येक वेळी आई बसलेली, हाताची घडी घालून.

मी हे तिला सांगायला लागलो तर तिने मला मध्येच थांबवलं. "म्हणजे टेबलावर दोनच वह्या मावतात. तिसरी उघडायची तर एक कपाटात ठेवून यायला लागतं. तेच ना?"

तेच. मी कॉलेजात यावर सहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, ते इतकं सोपं नव्हतं.

आता तिचं ते वाक्य पुन्हा वाचा. एकेक उघडलं की चालतंय, दोन्ही उघडलं की अडकतंय. प्रोसेसर कमी पडत असता तर एकेक उघडूनही जड गेलं असतं. एकेक चालतं आणि दोन्ही मिळून अडकतं, म्हणजे जागा कमी पडते. रोगाचं नाव सोडून सगळं तिने सांगितलं होतं, आणि तेही दर आठवड्याला, शब्दही न बदलता. ऑफिसात एखाद्या कस्टमरने इतकी नेमकी तक्रार लिहिली तर आम्ही ती नवीन पोरांना नमुना म्हणून दाखवतो. "सिस्टीम स्लो आहे" एवढंच लिहिणाऱ्यांना आम्ही हसतो. आणि इथे आई नेमकं सांगत होती आणि "जुनं झालंय" असं मोघम बोलणारा मी होतो.

जुनं झालंय म्हणजे तरी काय? तो पेन्टियम २०११ मध्ये सेकंदाला जेवढ्या बेरजा करायचा तेवढ्याच आजही करतो. तो हळू झालेला नाही. २०११ मध्ये आई फक्त टॅली उघडायची. नंतर त्यात ब्राउझर आला, त्यातही प्रत्येक टॅबचा वेगळा चुलखंड, प्रत्येकाला वेगळी मेमरी. काम वाढलं, टेबल तेवढंच राहिलं. हे माझ्या लक्षात यायला पंधराशेचा प्रोसेसर आणि एक अख्खा शनिवार गेला.

दहाच्या सुमाराला मी पेनड्राइव्ह घेऊन पुन्हा उभा राहिलो. "आता फक्त बायोस अपडेट करतो. मग तो नवीन बसवला की झालं."

"ते करताना लाईट गेली तर?"

हा प्रश्न तिला कसा सुचला कुणास ठाऊक. कारण खरी भीती तीच असते. बायोस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्ड सुरूच न होण्याची शक्यता असते. आणि यूपीएसची बॅटरी, आईच्याच शब्दांत, "नावाला" होती.

"मग आता याला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "वीस तारीख होऊ दे."

"अगं पण यात चार कोअर आहेत. म्हणजे एका वेळी चार जणं काम करणार."

"चार जणं कशाला? वह्या लिहिणारी मी एकटीच आहे की."

बाबा पेपरामागून हसले. चौदा वर्षांपूर्वी दोन कोटेशनं शेजारी ठेवून त्यांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजूनही तेच होतं. टॅली यावर चालतं. :-)

आय५ पुन्हा काजूकतलीच्या डब्यात गेला. खरं सांगायचं तर तो बसवला असता तर पानं उघडताना जो क्षणभराचा शंभर टक्के दिसतो तो कमी झाला असता. अगदीच फुकट जाणारी वस्तू नाही ती. पण अडलेलं काम ज्याने सुटलं ती एकोणीसशेची रॅम होती, आणि ती बसवायला खरंच एक तासही लागला नसता. रात्रीच्या बसने मी परत आलो.

२० तारखेला रात्री मी फोन केला नाही. नियम आहे. साडेआठला तिचाच आला. एरवी या दिवशी ती अकरा वाजेपर्यंत खुर्चीतून उठत नाही.

"झाले सगळ्यांचे भरून. पिठलं टाकलंय आता."

"मशीन अडकलं का कुठे?"

"नाही. पण प्रिंटर दोन वेळा अर्ध्यात थांबला."

"जुना..." एवढं तोंडातून गेलं आणि मी गप्प झालो. कागद-पेन ओढलं. "नेमकं काय छापत होतीस? कितव्या पानाला थांबला?"

पलीकडे जरा शांतता. मग तिने सांगितलं. दोन्ही वेळा लांबलचक खतावणी, दोन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या पानाला, एकेरी बिलं मात्र व्यवस्थित. मी लिहून घेतलं. या वेळी आधी तपासणार, मगच दुकानात जाणार.

"आणि हे बघ," ती फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तो तुझा प्रोसेसर कुठंतरी दुसरीकडं ठेव की. तो डबा मला संक्रांतीला लागतोय. कधी येतोयस?"